दोघींना न कळणारी भाषा

अर्धांगाचा झटका आला आणि आईचे सगळे शब्द गेले, एक सोडून. तीस वर्षं शाळेत शिकवताना तोंडात बसलेला "म्हणजे" तेवढा उरला. भूक लागली की म्हणजे, पाठ दुखली की म्हणजे. दुसऱ्यांचं बोलणंही तिला अर्धंमुर्धंच कळायचं.

तिचं सगळं धाकटी मावशी करायची. मावशी एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाई विभागात कामाला. सकाळी सहा ते दोन, इस्त्रीच्या गरम रुळातून येणाऱ्या चादरींच्या, सोबतच्या बाईबरोबर टोकं धरून, घड्या घालायच्या. तोवर आईजवळ शेजारच्या काकू बसायच्या. मावशी घरी आली की हातपाय धुऊन आईला भरवायला बसे. वाटीभर सूप संपायला दीड तास. मी दुसऱ्या गावी नोकरीला. रविवारी येऊन सल्ले देऊन जाणारी.

टीव्हीचा उपयोग नव्हता. त्यातली माणसं भराभर बोलायची, मग आई गोंधळून भिंतीकडे तोंड करायची.

मी दिलेला टॅब घेऊन मावशी एकदा वाचनालयात गेली. सभासदांना घरबसल्या चित्रपट बघायची सोय होती, ती तिथल्या बाईंनी लावून दिली. कुणा जाणकारांनी निवडून, नीट लावून ठेवलेले संग्रह. त्यांतला एक चिनी भाषेतल्या स्वतंत्र आणि प्रायोगिक चित्रपटांचा. मावशीनं तोच उघडला.

"चिनी कशाला?" मी फोनवर विचारलं.

"तिला कळणार नाही, मलाही कळणार नाही. फिटंफाट."

पहिल्या चित्रपटात कॅमेरा एका जागी ठेवलेला. बायका बसगाड्या धुतायत, पाणी वाहतंय, एवढंच. दहा मिनिटांत मावशीचा बसल्या बसल्या डोळा लागला. जाग आली तेव्हा सूप गार झालं होतं आणि आई अजून बघत होती. मावशीनं चमचा पुढे केला, तर आईनं चांगला हात वर करून तिला थांबवलं.

मग रोज दुपारी एक. एकात बाप आणि मुलगी घर रिकामं करत होते.

"घर विकलं वाटतं यांनी," मावशी म्हणाली.

आईनं नाही अशी मान हलवली. "म्हणजे."

"मग काय? आई गेली त्या मुलीची?"

आईनं पडद्यावरच्या कपाटाकडे बोट दाखवलं. ते लोक सगळं हलवत होते, फक्त कपाटाला हात लावत नव्हते. मावशीनं वाद घातला, आईनं तिच्या एका शब्दात घातला. झटक्यानंतरच्या आठ महिन्यांत बहिणी पहिल्यांदा भांडल्या. मावशीनं मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज इतका दमलेला होता, की ती खूश आहे हे मला उशिरा कळलं.

पुढच्या रविवारी मी गेले. मदत म्हणून पडद्याखालचे भाषांतराचे शब्द सुरू केले आणि मोठ्यानं वाचायला लागले. दोन मिनिटांत आई भिंतीकडे वळली.

"बंद कर ते," मावशी म्हणाली.

"अगं, पण गोष्ट तरी कळेल."

"तुला कळेल. आम्हा दोघींना इथे कुणी शिकवायला नकोय."

मी बंद केलं. बराच वेळ आई वळली नाही. मग हळूच वळली.

संग्रह मोठा आहे, त्यात भरही पडत असते. काही चित्रपट अगदीच कंटाळवाणे, असं मावशी सांगते, पण अर्ध्यावर सोडू देत नाही आई. आईचे शब्द परत आलेले नाहीत. डॉक्टर आता त्याबद्दल बोलतही नाहीत. मावशीची कंबर गेलीय, चादरी ओढताना पट्टा बांधावा लागतो.

मी आता शनिवारीही जाते. आईला भरवत आम्ही दोघी चित्रपट बघतो, काही न वाचता. मावशी तेवढा वेळ आतल्या खोलीत झोपते, दार लोटून.