उघडी बंदूक

खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर विळी, कात्री, हातोडी यांच्या शेजारी बाबांची दुनळी बंदूकही असायची. बाबा फौजेतले. जवळच्या बबीन्याच्या छावणीतून निवृत्त झाले आणि इथे झाशीत, खंडेराव गेटजवळ घर करून राहिले. पूजेआधी ते बंदूक मधोमध दुमडून उघडत, दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून आरपार बघत आणि आईलाही बघायला लावत. तिने "रिकामी आहे" म्हटल्याशिवाय हळदकुंकू नाही. पाटावरही ती उघडीच राहायची. आम्हा भावंडांना तो पूजेतलाच विधी वाटायचा.

बाबा गेल्यावर विरासत म्हणून बंदूक आणि तिचं लायसन्स धाकट्या भावाच्या नावावर झालं. लायसन्सच्या चौकशीला आलेल्या पोलीस शिपायाने शेजाऱ्यांना विचारलं, "लड़का कैसा है?" लड़का चांगलाच होता. बंदूक चालवण्याच्या प्रशिक्षणाचा कागद ओळखीने आला, नेमबाजीच्या मैदानाचं तोंडही न बघता. याच पठ्ठ्याला स्कूटरच्या लायसन्ससाठी आठचा आकडा काढून दाखवावा लागला होता, आणि तिथे तो नापासही झाला होता. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

इकडे वरातीत बंदूकवाल्याला फार मान. भाऊही मित्राच्या वरातीत ती मिरवून आला. भरून दिली मित्राने. याचं उडवायचं धाडस झालं नाही. काडतूस आत राहिलं आणि हा विसरला. नवमीला आई म्हणाली, "उघडून ठेव रे." तर म्हणतो, "आई, टूटी हुई लगती है. अशी कुणी पूजतं का?" आता घरातला कर्ता तो, म्हणून आईने बंद बंदुकीचीच पूजा होऊ दिली. पूजेनंतर त्याने बंदूक उचलली आणि ती उडाली. आई समोर निरांजन उचलत होती.

आई वाचली, पण उजवा हात कायमचा गेला. जन्मात खोटं न बोललेल्या बाईने पोलिसांना सांगितलं, "मैं ही पोंछ रही थी." लायसन्स तपासलं, ते चोख होतं. बंदूक ठाण्यात जमा झाली.

यंदा भावाने ती सोडवून आणली. "बाबांची निशाणी आहे," म्हणाला. मी कडाकडा भांडले. आई एवढंच म्हणाली, "उघड."

त्याची बोटं बंदुकीवर नुसती चाचपडत राहिली. कुठला खटका सरकवायचा तेच त्याला ठाऊक नव्हतं. आईने डाव्या अंगठ्याने खटका सरकवला, नळ्या त्याला खिडकीकडे धरायला लावल्या आणि वाकून आरपार पाहिलं.

"आता तू बघ."

तो बराच वेळ बघत राहिला. "रिकामी आहे," म्हणाला आणि हमसून रडायला लागला. आईने डाव्या हाताने त्याच्या पाठीवर थोपटलं.

"अशीच उघडी घेऊन जा," ती म्हणाली, "आणि ठाण्यात कायमची देऊन ये."