सुधाकरच्या गिटारची मान

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. शोभाला, माझ्या धाकट्या बहिणीला, तर नाहीच नाही. एकदा-दोनदा तोंडाशी आलं होतं — पण मग कुणी आलं, विषय बदलला, आणि राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय — मीच राहू दिलं. आज तुम्हाला सांगतो. अडखळलो तर थोडं थांबा.

मी वाळूजच्या एका कारखान्यात लाकडी साचे करायचो. ओतीव लोखंडाचा एखादा भाग काढायचा, तर आधी तो लाकडात हुबेहूब घडवावा लागतो. ते माझं काम. मी वैजापूरकडचा, शेतकऱ्याघरचा. बजाजनगरात एकटाच खोली करून राहायचो. सुधाकर शेजारच्या भट्टीवर होता. आमची पाळी एक, डबा एकत्र. तो बौद्ध — आणि मला त्याचं काही वाटत नाही, असं मी स्वतःला सांगायचो. ज्याला खरंच काही वाटत नाही, त्याला असं सांगावं लागतं का?

सुधाकर एका गायन पार्टीत इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. जुनी, लाल रंगाची. सिल्लोडचा कार्यक्रम करून येताना ती टेम्पोतून पडली आणि मानेचा वरचा भाग, जिथं तारा पिळायच्या खुंट्या असतात तो, तिरका मोडला. नुसता तारांवर लोंबत होता. चादरीत गुंडाळून तो ती माझ्या खोलीवर घेऊन आला, तापलेलं लेकरू दवाखान्यात आणावं तशी.

"व्हईल का रं?"

"व्हईल की."

"नामांतराच्या सभेत वाजवायचीय. त्याच्या आधी पायजे."

मी मान हलवली. खरं सांगतो, त्या वेळी मनात दुसरं काही नव्हतं. समोर मोडलेलं लाकूड होतं, आणि ते जोडायची मला घाई झाली होती.

तारा काढल्या. मोडलेल्या जागेला पॉलिश पेपर लावला नाही — घासलं की दोन्ही बाजू एकमेकींत बसत नाहीत. सरस गरम करून आत मुरू दिला, वर-खाली लाकडाचे गुटके ठेवून शिकंजा आवळला, आणि हात न लावता वाळू दिलं. शिकंजा सोडला तेव्हा मोडल्याची रेघ शोधावी लागत होती. इतकं चांगलं काम मी कारखान्यातसुद्धा कधी केलं नव्हतं. सुधाकरला कधी दाखवतो, असं झालं होतं मला.

आणि त्याच दिवशी दगडूमामा आला.

मामा शोभाच्या सोयरिकीचं सांगायला आला होता. स्थळ चांगलं, घर मोठं. पण मुलाचा थोरला भाऊ विद्यापीठाच्या नामांतराच्या विरोधात गावोगाव सभा घेत फिरायचा. त्या दिवसांत कुणाच्या बाजूनं कोण, हे चहाच्या टपरीवरसुद्धा विचारलं जायचं. मामाची नजर कोपऱ्यातल्या गिटारवर गेली. कुणाची, कशाला, मी सगळं सांगून टाकलं. मामा ओरडला नाही. नुसता म्हणाला, "तुझं तू बघ बाबा. लेकीचं लगीन हाय आपल्या."

ओरडला असता तर मी भांडलो असतो. असतो का? मला आता खात्री नाही.

तरीही गिटार परत करून मोकळं होता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी डबा खाताना सुधाकर खुशीत होता. म्हणाला, "आमचं पहिलं गाणं झालं ना, की माइकवरून तुझं नाव घेणार मी. तुमच्यातल्या माणसानं जोडून दिली म्हणून सांगणार. कळू दे की समद्यांना."

मी डब्याचं झाकण लावलं. नाव नको घेऊस — एवढंच म्हणायचं होतं. मित्रच होता तो, ऐकलं असतं त्यानं. पण मग का, असं विचारलं असतं. त्या 'का'चं उत्तर मला त्याच्या तोंडावर देता येईना. मी म्हणालो, "अजून ओलंय. सभेपर्यंत वाळंल असं वाटत नाय."

"संध्याकाळी येतो. बघू तरी."

पाळी सुटल्यावर मी जवळजवळ पळतच खोली गाठली. दार लावलं. गिटार उंबरठ्यावर आडवी धरली आणि मानेवर गुडघा दाबला.

मोडेना. मी जोडलेला सांधा हलेना. मी अंगाचा सगळा भार टाकला तेव्हा कुठं कडकन मोडली — सांध्यापाशी नाही, त्याच्या खाली, बोटभर अंतरावर, कोऱ्या लाकडात. आतलं लाकूड पांढरंशुभ्र दिसत होतं.

लपवायला वेळ नव्हता. सुधाकर आला, खाली बसला, मोडकी मान हातात घेतली. आधी माझ्या सांध्यावरून अंगठा फिरवला, मग नव्या मोडीवरून. मग माझ्याकडं बघितलं.

"सांधा तर धरला होता की रं."

"लाकूडच सडकं निघालं," मी म्हणालो. "तारा चढवल्या आन् गेलं."

तारा तर बाजूला पडल्या होत्या, गुंडाळून ठेवलेल्या. त्याला दिसल्या असतील का? दिसल्याच असणार. की नाही?

"असंल," तो म्हणाला, आणि गिटार पुन्हा चादरीत गुंडाळली.

सभेच्या दिवशी मी खोलीत दार लावून बसलो. गिटार नसली तरी तो माझं नाव घेईल की काय, अशी धास्ती वाटत होती. नंतर कळलं, पार्टीनं पेटी-ढोलकीवर भागवलं आणि नाव कुणाचंच घेतलं नाही. मला हायसं वाटलं. हो — हायसंच वाटलं. सांगतोय तर तेही सांगायला हवं.

शोभाचं लग्न त्याच घरात झालं. पत्रिका मी आमच्या खात्यात सगळ्यांना दिली. सुधाकरला दिली नाही. डब्याला आम्ही अजून एकत्र बसायचो, पण बोलणं भाजी, पगारवाढ, पाणी यापलीकडं जायचं नाही.

लग्नानंतर कामावर रुजू झालो त्या दिवशी त्यानं माझ्यापुढं एक खोकं ठेवलं. आत स्टीलचा डिनर सेट होता. "शोभाताईला दे," म्हणाला. "लगीन नीट पार पडलं ना?"

मी हो म्हणालो. खोकं घेतलं.

शोभाला सांगितलं, कंपनीतल्या लोकांनी मिळून दिलंय. तिला फार कौतुक वाटलं. म्हणाली, "दादा, समद्यांना सांग, लई आवडलं म्हणून."

सुधाकर शेजारच्याच भट्टीवर होता. मी त्याला ते सांगितलं नाही.