खोटी कबुली

देवासची ती केस अजूनही माझ्या मनातून जात नाही. नव्वदच्या दशकाची अखेर होती आणि मी तिथे ठाणेदार होतो. खबऱ्याने खबर आणली, "साब, इतवार को दर्जी की दुकान में शटर गिराके नकली माल भरते हैं."

आम्ही छापा घातला. आत चार प्रौढ माणसं, आणि चटईवर औषधांची, चहाची, साबणाची रिकामी खोकी. माल मात्र कुठेच नाही. कोणी तोंड उघडेना. ठाण्यात आणल्यावर त्यांतला वयाने मोठा पुढे झाला. महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेला, कारखान्यात नुकताच सुपरवायझर झालेला. म्हणाला, "साहेब, नकली माल मीच भरायचो. लिहून घ्या, या तिघांना सोडा."

कबुली मिळाली की पोलीस खूश, असं लोकांना वाटतं. मला उलट शंका आली. नोकरी जाणार हे कळत असूनही माणूस इतक्या सहज गुन्हा अंगावर घेत नाही. मी ढिगातलं एक बिनचित्राचं खोकं त्याच्यापुढे धरलं. "यात काय भरायचास?"

त्याने ते बराच वेळ निरखलं. "डोकेदुखीच्या गोळ्या."

खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'चूहामार दवा'.

मी त्या अक्षरांवर बोट ठेवलं. त्याची मान खाली गेली. "चौथीपर्यंत गेलो, सही येते, पण वाचता येत नाही. तेच शिकत होतो तिथे. साहेब, चोर म्हटलं तर लोक दूर राहतील. अनपढ म्हटलं तर हाताखालचे लडके हसतील हो!"

तेवढ्यात त्यांना शिकवणाऱ्या निवृत्त शिक्षिका तरातरा आत आल्या. वर्गाला पोचायला त्यांना उशीर झाला होता आणि दुकानाला पोलिसांचं कुलूप दिसलं होतं. पुस्तक पाहून ही माणसं बिचकतात, म्हणून त्या घराघरांतून रिकामी खोकी गोळा करत आणि त्यांवर वाचायला शिकवत. मला त्यांनी चांगलंच फैलावर घेतलं.

"काय लिहिलंय त्यावर?" सुपरवायझरने मला हळूच विचारलं.

मी सांगणार, तोच बाई म्हणाल्या, "तुम्ही थांबा, साहेब. भाऊ, तुम्ही वाचा."

त्याने अक्षराखाली बोट ठेवलं. हवालदारही लिहायचा थांबला. "चू... हा... मा... र." कपाळावर हात मारून तो हसला आणि हसता हसता रडू लागला.

चौघांना सोडलं. गुन्हा लपवणारे खूप पाहिले होते. लाज लपवण्यासाठी गुन्हा कबूल करणारा तो पहिलाच. त्यानंतर कोणाचीही सही घेण्याआधी मी मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचो. "तुला वाचता येतं का?" असं मात्र चारचौघांत कोणाला विचारलं नाही.