हौदाजवळची माती

२८ मार्च. मातीत साठलेल्या कार्बनपोटी तीन हजार चारशे बारा रुपये मंजूर झाल्याचे पत्र आमच्या पशुपालक संस्थेत आले. पत्र दोरीकाकांच्या नावचे होते.

काकांनी कुरणाचे दोरी लावून तीस तुकडे केले होते. गाई रोज एका तुकड्यात; चरलेल्या तुकड्यात मग महिनाभर खूर पडू द्यायचा नाही. गवताची मुळे खोल जातात, हवेतला कार्बन मातीत मुरतो, आणि पाच वर्षांत जेवढा वाढेल त्याचे पैसे, असा करार होता. तो मीच त्यांना वाचून दाखवला होता.

तिसऱ्या वर्षी गवत आले नाही. इतरांनी गुरे मोकळी सोडली. काकांनी दोरी काढली नाही, चार गाई विकल्या. त्यांत काकूंची तांबडी होती. पैसे आले की तिला परत आणू, असे ते म्हणाले होते. काकू त्यानंतर गोठ्यात गेल्या नाहीत.

पत्र आले त्या दिवशी मात्र त्या काकांबरोबर कचेरीत आल्या. पिशवीत तांबडीला बांधायला नवे दावे होते.

मी आकडा सांगितला.

"एवढेच?" काका म्हणाले.

मी माती तपासणीचे पहिले आणि यंदाचे असे दोन्ही अहवाल काढले. पहिल्या वर्षीचा आकडाच चढा होता.

"काका, तेव्हा माती कुठली काढायला लावलीत?"

"हौदाजवळची."

"तिथलीच का?"

"पाहुणा माणूस आला होता तपासायला. त्याला काय मुरूम दाखवू? चांगली होती ती दाखवली."

पाणी पिऊन गाई हौदाजवळच रेंगाळतात. शेणाने ती माती आधीच काळीभोर. करारानुसार यंदाही तिथलीच काढली. तिच्यात कार्बन वाढायला जागाच नव्हती.

"जावई आला असता तरी यांनी त्याला आधी हौदच दाखवला असता," काकू म्हणाल्या. कोणी हसले नाही.

"आणि बाकीच्या तुकड्यांत?" काकांनी विचारले.

"तिथली पहिली मोजणी नाही."

"म्हणजे वाढलाच नाही?"

"वाढला असेल. कागदावर नाही."

काकांनी सही केली. काकूंनी दावे पिशवीतून काढून माझ्या टेबलावर ठेवले. "कोणाला लागलं तर द्या, भाऊजी."

"चला," काका म्हणाले, "दोरी सरकवायचीय."

दावे अजून माझ्या खणात आहे. जूनमध्ये मी निवृत्त होतो, तेव्हा खण रिकामा करावा लागेल.

माती तपासणीची संस्थेने भरलेली फी तीन हजार चारशे पन्नास. मंजूर रक्कम त्यात वळती केली. दोरीकाकांकडून संस्थेला अडतीस रुपये येणे आहे.