पायातली नाडी

देवाने माझ्यावर राग धरला आहे, असे मला त्या वर्षी मनापासून वाटू लागले होते. मी सांगोल्याच्या टपाल कचेरीत टपाल वाटण्याचे काम करी. रोजचे चालणे पाच-सहा कोसांचे. पाय हीच माझी पोटापाण्याची साधने, आणि नेमका डावा पाय हट्टाला पेटला होता. वेशीपासून ओढ्यापर्यंत जाईतो पोटरी अशी आवळून येई की कुणी आतून पीळ घालतो आहे असे वाटावे. उभा राहिलो की घटकाभरात ते थांबे. पुन्हा चालू लागलो की तेवढ्याच अंतरावर पुन्हा तेच. उभे राहायचे म्हणून मी विडी पेटवी, आणि कळ थांबली की विडीनेच आराम पडला असे समजून आणखी एक पेटवी. कुणी वात म्हणाले, कुणी तेल चोळायला सांगितले. माझ्या मनात मात्र वेगळीच भीती बसली होती.

काही वर्षांपूर्वी माझी पत्नी विषमज्वरातून उठली, तेव्हा मी वेळापूरच्या महादेवाला नवस बोललो होतो. दर शिवरात्रीला अनवाणी चालत दर्शनाला येईन, अंगात त्राण असेपर्यंत. तीन वर्षे तो पाळला. चौथ्या वर्षी कामाच्या गडबडीत चुकला, आणि त्याच पावसाळ्यात पोटरी आवळू लागली. मला दुसरे कारण शोधावेसेच वाटले नाही. म्हणून पुढच्या शिवरात्रीला, पत्नी नको नको म्हणत असताना, मी दोन दिवस आधीच अनवाणी निघालो. पहिल्याच दिवशी त्याच डाव्या पायाच्या करंगळीत बाभळीचा काटा मोडला. मी तो उपटून टाकला आणि महादेवाचे नाव घेत, थांबत, पुन्हा चालत राहिलो. रात्री एका मारुतीच्या देवळात पडलो.

सकाळी उठलो तर पाऊल बर्फासारखे गार. करंगळी निळसर झाली होती आणि बधिर वाटत होती. थंडी होती. कसाबसा मैलभर गेलो असेन. रस्त्याकडेच्या रानात मेंढ्यांचा तळ पडला होता आणि एक म्हातारी धनगरीण तीन दगडांच्या चुलीवरून भाकरीचा तवा उतरवत होती. मी न विचारताच चुलीशी जाऊन बसलो आणि तापलेल्या दगडाला पाऊल टेकवू लागलो. तिने माझा घोटा धरून पाय मागे ओढला.

“तितं पाय नको लावूस,” ती म्हणाली.

“गार पडलाय, आजी. जरा शेकतो.”

“आमच्या मालकांनी बी असाच शेकला हुता. इट तापवून, फडक्यात गुंडाळून. कातडं भाजलं तरी त्यास्नी कळलं न्हाय. मग बोटं काळी पडली. सोलापूरच्या दवाखान्यात गुडघ्याखालनं पाय काढला. डाक्टर म्हनला, आदी आनला असता तर पाय ऱ्हायला असता.” हे सगळे तिने भाकरी थापावी तितक्या सहजपणे सांगितले. मग माझी करंगळी निरखून विचारले, “चालताना पोटरी आवळती का? थांबलं की बरं वाटतं?”

तिला मी यातले काहीच सांगितले नव्हते. मी मान हलवली.

“मग माघारी फीर. आजच सोलापूरची वाट धर.”

मी नवसाची हकिकत सांगितली. अर्ध्या वाटेवरून कसा परतू, असे विचारले.

“देवाला तुजा पाय घिऊन काय करायचं हाय? त्यो हाय तितं बसून ऱ्हानार. चालायचं तुला हाय की.”

तिने कोमट पाण्याने माझे पाऊल धुतले, टिपून कोरडे केले आणि धुतलेल्या लुगड्याचे फडके सैलसर गुंडाळले. मग रस्त्यावर उभी राहून सांगोल्याकडे जाणारी एक बैलगाडी थांबवली. गाडीवान मुसलमान होता. त्याने स्वतःच्या वहाणा काढून माझ्या पायात घातल्या. मी वेळापूरकडे पाठ करून गाडीतल्या कडब्यावर बसलो आणि वाटभर रडलो.

दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी आधी माझीच बोटे माझ्या उजव्या पावलावर ठेवली. “हाताला असते तशी पायालाही नाडी असते, बघा,” ते म्हणाले. खरेच, कातडीखाली बारीक ठोका लागत होता. मग त्यांनी तीच बोटे डाव्या पावलावर ठेवली. मी किती तरी वेळ शोधत राहिलो. तिथे काहीच नव्हते. त्या क्षणी मला जेवढे भय वाटले तेवढे आयुष्यात कधी वाटले नाही.

रक्त नेणाऱ्या नळ्या आतून अरुंद झाल्या आहेत, गाळ साचलेल्या पाटासारख्या, असे त्यांनी समजावले. चालताना पोटरीला जास्त रक्त लागते, ते पोहोचत नाही, म्हणून ती ओरडते. “विडी त्या नळ्या आणखी आवळते. कमी करून भागायचे नाही, सोडावीच लागेल. आता अनवाणी पाऊल टाकायचे नाही. पाय शेकायचा नाही. रोज दोन्ही पाय नीट बघायचे. आणि जखम भरली की चालायचे.”

“चालल्यानेच दुखते ना, साहेब?” मी विचारले.

“दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला. रोज. रक्त हळूहळू आडवाटा शोधते.”

करंगळी वाचली नाही. ती काढावी लागली आणि जखम भरायला दोन महिने लागले. पाऊल मात्र राहिले. त्या दोन महिन्यांत करंगळीपेक्षा विडीचेच दुःख मी जास्त केले, हे कबूल केलेले बरे. गिरणीचा भोंगा झाला की पाळी सुटलेले कामगार दवाखान्याच्या भिंतीपलीकडून जात आणि विडीचा वास खिडकीतून आत येई. मी हाताची मूठ वळून नाव घेत बसे. पूर्वी मी देवाकडे मागत असे किंवा देवाला काही देऊ करत असे. पहिल्यांदाच मी त्याला नुसते धरून बसलो होतो.

घरी आल्यावर पत्नी रोज संध्याकाळी माझे तळवे बघू लागली. बायकोसमोर पाय पसरून बसायची मला लाज वाटे. मी पाय आखडून घेतला तर ती म्हणाली, “नवस माझ्यासाठी बोलला होतात ना? मग आता पाय मला बघू द्या.” मी पाय पुन्हा पसरला.

कचेरीत मला बसून शिक्के मारण्याचे काम मिळाले. सकाळ-संध्याकाळ मी वहाणा घालून चाले. आधी ओढ्यापर्यंतही न थांबता जाता येत नव्हते. पुढच्या शिवरात्रीपर्यंत ओढा ओलांडून वरच्या लिंबापर्यंत जाऊ लागलो. त्या वर्षी वेळापूरला गाडीने गेलो आणि गुरवाला विचारून पायांत जाड कापडी मोजे घालून गाभाऱ्यापर्यंत गेलो. महादेवापुढे काय बोलावे ते सुचले नाही. नुसता उभा राहिलो, आणि पोटरी दुखत नव्हती.

परतताना ती म्हातारी भेटेल का, ही हुरहुर होती. खरे सांगायचे तर ती पुन्हा दिसणारच नाही, ती माणूस नव्हतीच, असे मी मनात ठरवून टाकले होते. पण ती दिसली. तळ दुसऱ्या रानात होता आणि ती एका लंगड्या मेंढीच्या खुरातला खडा काढत होती. मी वाकू लागलो तसे तिने मला थांबवले आणि आधी पाय दाखवायला लावला.

“एक बोट गेलं व्हय?”

“एकच गेलं, आजी.”

“मग लई बरं झालं,” असे म्हणून ती पुन्हा मेंढीकडे वळली.

ती हाडामांसाची निघाली म्हणून क्षणभर माझी निराशा झाली, हेही लपवत नाही. घरी येईपर्यंत ती निराशा विरून गेली. तिच्या नवऱ्याचा पाय गेला, तो शोक तिने गिळून टाकला नव्हता, परक्या माणसाच्या उपयोगी आणला होता. मला देवाकडून याहून मोठे काय यायचे होते? मी माझ्या पद्धतीने, माझ्या हट्टाने त्याला पाय वाहायला निघालो होतो. त्याने तो घेतला नाही. जे त्याने परत दिले ते सांभाळणे, त्यासाठी दुसऱ्याचे ऐकणे आणि दुसऱ्याच्या हातात आपले पाऊल निमूटपणे देणे, याला शरण जाणे म्हणतात, एवढेच मला कळले आहे. रोज पाऊल टाकताना मी कृतज्ञ असतो, आणि कळ आली की थांबतो.