गिधाड, खवल्या मांजर आणि आम्ही तिघं

भोर-वेल्ह्याच्या गावांतून वन्यजीवांची माहिती सांगत फिरायचं, हे आमचं काम. मी, माधवी मॅडम आणि वनरक्षक जगताप. प्राणी क्वचितच दिसतात, किस्से मात्र गाडीत बसायला जागा ठेवत नाहीत!

आमच्याकडे एकच मोठा चार्ट. एका बाजूला गिधाड, दुसऱ्या बाजूला खवल्या मांजर. खाली वर्ग, अधिवास आणि धोक्याची पातळी.

विंझरला मॅडम म्हणाल्या, "गिधाड पक्षी, आणि हा खवल्या मांजर नावाचा सस्तन प्राणी. नावात मांजर असलं तरी मांजराशी याचं काही नातं नाही. मुंग्या, वाळवी खातो."

पुढ्यात बसलेले आजोबा चिडले. "सोयरीक न्हाई, उंदीर खात न्हाई, मग आडनाव कुणाला इचारून लावलं?"

*

नसरापूरला बचत गटाच्या बायका होत्या. मी सांगितलं, "गिधाड उंच कड्यावर घरटं करतं, खवल्या मांजर जमिनीत बिळात राहतं."

मागून एक मावशी म्हणाल्या, "बराबर हाय. आमी सासू-सुना बी अशाच ऱ्हातो. म्हनून तर टिकलोय!"

*

वरव्यात धोक्याच्या पातळीवर आलो. गिधाड अतिसंकटग्रस्त, खवल्या मांजर संकटग्रस्त. एक तरुण शेतकरी उठला. "म्याडम, शेती करनारी बिनलग्नाची पोरं कुठल्या रकान्यात?"

"तुम्ही बसत नाही त्यात," मॅडम म्हणाल्या. "तुमची संख्या वाढतेय!"

*

आणि वेल्ह्याच्या डोंगरातल्या कोंडाबाई. शेळ्या राखणाऱ्या, एकट्याच राहणाऱ्या. सकाळी त्यांच्या गोठ्यात खवल्या मांजर सापडलं, अंगाचा चेंडू करून बसलेलं. शेजाऱ्यांनी जगतापांना फोन केला. आम्ही पोचेपर्यंत दुपार झाली.

तोवर चोरबाजारात महाग विकल्या जाणाऱ्या खवल्यांच्या वासावर एक टेम्पोवाला येऊन गेला होता. "मावशी, इकायचं का?" कोंडाबाईंनी कोयता दाखवला. त्याला टेम्पो वळवायलाही सुचेना, उताराला रिव्हर्सच गेला! मग बाई गोठ्याच्या दारातच बसून राहिल्या. जेवायलासुद्धा उठल्या नाहीत.

जनावर ठणठणीत होतं. दिवस कलताना जगतापांनी ते रानात वारुळापाशी अलगद ठेवलं. आम्ही मोबाईल काढून भोवती उभे. पण चेंडू काही उलगडेना. जगताप घड्याळ बघायला लागले, मॅडमचा चेहरा उतरला.

कोंडाबाई एकदम खेकसल्या, "नव्या नवरीकडं असं टक लावून बगत्यात व्हय? लाजतीया ती. फिरा माघारी!"

आम्ही मुकाट्याने फिरलो. युनिफॉर्मातले जगतापसुद्धा, टोपी हातात घेऊन.

पाचोळा वाजला. कुणीही वळून पाहिलं नाही.