कॅसेटच्या शेवटी उरलेली पट्टी

बिदरकडच्या मन्नाएखेळ्ळीच्या स्टँडसमोर हावगेप्पाचं दुकान आहे. पाटीवर अजून ‘संगमेश्वर रेकॉर्डिंग सेंटर’ असंच आहे, आत मात्र मोबाइलची कव्हरं, चार्जर आणि रिचार्ज. मी इथल्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवायचो. शाळा सुटली की घरी जायच्या आधी त्याच्या बाकावर बसून चहा प्यायचो. नोकरी संपून आठ वर्षं झाली, पण बाक काही सुटला नाही.

कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, जेवायला ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी. असा हा गडी पन्नास वर्षांपूर्वीच्या लांब केसांच्या इंग्रजी गिटारवाल्यांचा एवढा जाणकार कसा, हे गावाला कधी कळलं नाही. खरं तर गोष्ट साधी आहे. १९८६ साली तो हैदराबादला जुन्या बाजारात रेकॉर्ड प्लेयर घ्यायला गेला होता. विकणाऱ्यानं अट घातली की मशीन पाहिजे तर शेजारचं खोकंही उचलायचं. खोक्यात शंभरावर इंग्रजी रेकॉर्डी निघाल्या. कुणी साहेब देश सोडून जाताना टाकून गेला होता.

हावगेप्पाला कानडी आणि मराठी वाचता येतं, इंग्रजी बसच्या पाटीपुरतं. म्हणून त्यानं त्या सगळ्या गाणाऱ्या टोळ्यांना कव्हरावरच्या चित्रांवरून नावं ठेवली. छत्रीवाले, पिवळ्या दाराचे, घोडेवाले. खरी नावं मी त्याला वाचून दाखवली होती, पण ती त्याच्या तोंडी बसली नाहीत आणि आता मलाही घोडेवालेच आठवतात. कव्हरावर बर्फात उभे असलेले तीन घोडे, म्हणून घोडेवाले.

त्याचा धंदा कॅसेट भरून द्यायचा. गिऱ्हाईक यादी आणायचं, कुणी भजनं, कुणी वचनं, कुणी दख्खनी कव्वाली, कुणी सिनेमाची गाणी. सगळं भरून झालं तरी बाजू संपायला थोडी पट्टी उरायचीच. कोरी पट्टी गिऱ्हाइकाला देणं म्हणजे जेवायला बोलावून अर्धं ताट वाढणं, असं त्याचं मत. मग त्या उरलेल्या जागेत तो आपल्या पदरचं एक इंग्रजी गाणं टाकायचा. न मागता, फुकट, आणि गिऱ्हाइकाला न सांगता.

आता गंमत अशी की गाजलेली गाणी साधारण तीन-साडेतीन मिनिटांची, आणि पट्टी कधी त्या मापात उरत नाही. कधी दीड मिनिट उरायचं, कधी पावणेसहा. त्या मापाचं गाणं शोधायला त्याला खोक्याच्या तळाशी जावं लागलं. दुसऱ्या बाजूची, शेवटची, कुणी कधी न मागितलेली गाणी. घड्याळ लावून ऐकता ऐकता त्याला टोळ्याच्या टोळ्या पाठ झाल्या. छत्रीवाल्यांच्या पहिल्या चार रेकॉर्डी म्हणजे नुसता दंगा आणि पाचवीत तेच लोक देवळात बसल्यासारखे हळू गातात, हे त्यानं मला सांगितलं. पिवळ्या दारावाल्यांचा ढोलवाला मधेच बदलला, हे त्यानं नुसत्या कानानं ओळखलं. मी कव्हर वाचून खात्री केली, तर खरंच बदलला होता.

मी एकदा त्याला डिवचलं, की बाबा रे, जी गाणी गाजली नाहीत ती गाजायच्या लायकीची नसतील. तो चिडला. म्हणाला, “गाजलेलं गाणं म्हंजे ओसरी, सर. पावणा तितंच बसून जातो. घर कसं हाय ते आतल्या खोलीत गेल्याबिगर कळत न्हाई.”

त्याच्या या आतल्या खोल्या पंचवीस-तीस खेड्यांत पसरल्या. कमठाण्याच्या एका लग्नात सनईची कॅसेट संपता संपता एकदम ढोल आणि गिटार सुरू झाली. भटजींच्या हातून अक्षतांचं ताट पडलं, पण पोरं अशी नाचली की वरबाप दुसऱ्या दिवशी तेच गाणं मागायला आला. आम्ही पुष्कळ दिवस त्यावर हसत होतो. तेव्हा हसू यायचं.

१९९४च्या उन्हाळ्यात निर्णा गावच्या वच्छलाबाई दुकानात आल्या. वय तिशीच्या आतबाहेर, कपाळ नुकतंच मोकळं झालेलं. नवरा आप्पाराव दुबईला सेंट्रिंगच्या कामावर गेला होता आणि तिथंच छातीत कळ येऊन गेला. शेत होतं, भाऊबंद होते, पण माणूस गेला तो पार समुद्रापलीकडे आणि मातीही तिकडेच झाली. दोन महिन्यांनी त्याची पेटी आली. पेटीत कपडे, एक घड्याळ आणि एक कॅसेट. त्या काळी तिकडची माणसं कॅसेटवर बोलून घरी पाठवायची, चिठ्ठी लिहिण्यापेक्षा ते सोपं. ही कॅसेट पाठवायची राहून गेली होती आणि आत पट्टी तुटलेली होती. बाईनं ती अजून ऐकलेली नव्हती.

हावगेप्पानं पट्टी नेलपॉलिशनं जोडली आणि कॅसेट तपासायला लावली. दोन्ही बाजूंना तिकडच्या खोलीतल्या गड्यांनी मिळून म्हटलेली भजनं होती, त्यात आप्पारावचा आवाज वेगळा काढता येत नव्हता. दुसऱ्या बाजूची भजनं संपली आणि पुढे नुसती खरखर. हावगेप्पाचा नेम होता, मनात तीस आकडे मोजायचे. तीस होईपर्यंत काही वाजलं नाही तर पट्टी कोरी. त्यानं तीस मोजले. मग उरलेलं माप काढलं आणि घोडेवाल्यांच्या सातव्या रेकॉर्डवरचं एक गाणं त्यात बसवलं. चार मिनिटं बारा सेकंद. एकच गिटार, आणि गाणारा पलीकडच्या खोलीत स्वतःशी बोलल्यासारखा गातो. दुःखातल्या बाईला दंगा नको, म्हणून त्यानं मुद्दाम निवडून घेतलं होतं.

कॅसेट न्यायला बाई आल्या, तेव्हा त्यानं शेवट नीट जुळला का ते बघायला पट्टी पुढे नेऊन लावली. गाणं संपलं आणि पाठोपाठ एका पुरुषाचा आवाज आला. “एवढंच सांगायचं व्हतं बघ. ठिवतो मग.” आणि पट्टी संपली.

बाई काउंटरला धरून उभ्या राहिल्या. तो आवाज त्यांच्या माणसाचा होता. हावगेप्पाला त्याच घटकेला सगळं कळलं. आप्पाराव खरखरीत गप्प बसलेला होता, कसं सुरू करावं हे न सुचून. तीस आकडे तो गप्प बसला आणि मग बोलला. जे बोलला ते पुसून त्यावर घोडेवाले बसले होते.

तेव्हाच सांगायला हवं होतं. त्यानं कॅसेट डबीत घातली आणि हातात दिली.

आठवड्यानं बाई परत आल्या. विचारत होत्या, मालकांनी बोलायच्या आधी जे गाणं लावलंय त्याचा अर्थ काय. हावगेप्पानं त्यांना माझ्याकडे पाठवलं. मला तेव्हा यातलं काहीही माहीत नव्हतं. मी गाणं दोनदा ऐकलं आणि खरं सांगतो, मला तीन शब्दांपलीकडे काही कळलं नाही. त्यातला एक ‘होम’ होता. पण समोर बाई पदर तोंडाशी धरून बसलेली आणि मी इंग्रजीचा मास्तर. मास्तरला ‘येत नाही’ म्हणता येत नाही, हा आमच्या जातीचा रोग. मी सांगितलं, तो म्हणतो आहे की मी घरी येणार. बाई पाया पडून गेल्या.

त्या दिवसापासून हावगेप्पानं उरलेली पट्टी भरणं बंद केलं. गिऱ्हाइकं विचारायची, तर मशीन बिघडलंय म्हणायचा. घोडेवाल्यांची सातवी रेकॉर्ड त्यानं परत लावली नाही. त्यांच्या बाकीच्या अठरा लावायचा, पण सहावी संपली की उठून उगाच काउंटर पुसायचा आणि मग आठवी लावायचा. मला वाटायचं, सातवीला चरा पडला असेल.

कधी कधी गप्पा मारता मारता तो मधेच थांबायचा आणि ओठ हलायचे. आकडे मोजायचा. बाहेरून ट्रक जायचे, आत पंखा फिरायचा, आणि हा तीसपर्यंत जाऊन पुढच्या आकड्याला कान द्यायचा. मला त्याची भीती वाटायची, खोटं कशाला बोलू. टाळेबंदीत आम्ही दोघंच शटर अर्धं ओढून बसायचो, तेव्हा त्यानं मला सगळं सांगितलं. म्हणाला, सर, त्यो माणूस एकतिसाव्याला बोलायलाय. रोज बोलायलाय, पर ऐकू येत न्हाई.

मी त्याला समजावलं. जुनी गोष्ट आहे, बाईनं त्या गाण्यावर जन्म काढला, आता सांगून तिचं तेवढंही काढून घेणार का? यात माझा स्वार्थ होता हे मी कबूल करतो. तिनं जन्म काढला तो माझ्या अर्थावर.

या मार्गशीर्षात वच्छलाबाईंची नात दीपमाला दुकानात आली. बिदरला नर्सिंग शिकते. कॅसेट तिच्या पर्समध्ये होती, डबीवरचा कागद पार झिजलेला. घरचा टेप बंद पडला होता आणि आजीला शेवटचा भाग मोबाइलमध्ये पाहिजे होता, ते गाणं आणि आजोबांचं वाक्य. गाण्याच्या जागी पट्टी ऐकून ऐकून घासली आहे, तेवढं साफ करून मिळेल का, असंही तिनं विचारलं. साफ करायची गरजच नव्हती. मूळ रेकॉर्ड मागच्या फळीवर होती. नुसतं परत भरायचं.

हावगेप्पानं कॅसेट हातातसुद्धा घेतली नाही. आजीला घेऊन ये म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वच्छलाबाई आल्या. केस सगळे पांढरे, पण चाल ताठ. मी उठून जायला लागलो, तर हावगेप्पानं माझं मनगट धरून खाली बसवलं. मग त्यानं सांगितलं. कानडी मुलखातला माणूस, घाबरला की त्याची मराठी अडखळते, पण तो थांबला नाही. पट्टी कशी जोडली, तीस कसे मोजले, गाणं कुणी भरलं, आणि त्या दिवशी कळूनही तोंड कसं शिवलं. ते गाणं तुमच्या मालकांचं न्हाई अक्का, माझं हाय. त्यांचं बोलणं मी पुसलं.

पाठोपाठ मीही माझं सांगून टाकलं. अर्थ मला आला नव्हता, मी बनवला.

दीपमालानं आजीचा दंड धरला. बाई आमच्या दोघांकडे बघत नव्हत्या. कॅसेटकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, “म्हंजे, तितं ते बोलले व्हते?”

हावगेप्पानं मान हलवली.

“किती येळ?”

“चार मिंटं बारा सेकंद, अक्का.”

“चार मिंटं,” बाई म्हणाल्या. मग जे बोलल्या ते ऐकताना मला माझ्या सगळ्या समजूतदारपणाची लाज वाटली. “मला वाटायचं, त्यायला बोलणं सुचलं न्हाई म्हून गाणं लावलं. लय अबोल माणूस. बारा वर्षं संसार झाला, माझ्यासंगं चार मिंटं लागोपाट कंदी बोललं न्हाई. आन् तितं बोललं व्हय.”

त्या रडल्या. हावगेप्पा दोन्ही हात काउंटरवर ठेवून उभा होता, मार खायला उभं राहावं तसा. पण बाईंनी त्याला काही म्हटलं नाही. ‘माफ केलं’ असंही म्हटलं नाही, आणि ते मला बरं वाटलं. डोळे पुसून त्यांनी फक्त आपलं काम सांगितलं.

“गाणं चांगलं हाय. पर ते तुमचं, तुमी ठिवा. माझ्या मोबाइलात ते नगं. तेवढी जागा कोरी सोडा, आन् मग त्यांचं बोलणं.”

मागच्या खोलीतला टेप त्यानं काढला, फडक्यानं पुसला, कॉम्प्युटरला जोडला. शेवटचं भजन घेतलं, पुढची तीस आकड्यांची खरखर घेतली. मग गाणं कापलं. त्या जागी चार मिनिटं बारा सेकंद काही न भरता सोडली. कोरी पट्टी गिऱ्हाइकाला देऊ नये म्हणणाऱ्या माणसानं सेकंद दोनदा तपासले.

दीपमालानं मोबाइल काउंटरवर ठेवला आणि लावला. भजन संपलं. खरखर थांबली. मग काहीच नाही. हैदराबादकडे एक ट्रक गेला, स्टँडवर कंडक्टर हुमनाबाद हुमनाबाद ओरडला. हावगेप्पाचे ओठ या वेळी हलत नव्हते. वच्छलाबाई मोबाइलकडे थोड्या वाकून बसल्या होत्या, आणि मधेमधे त्यांची मान हलत होती. समोर कुणी बोलत असलं की हलते तशी. मला उठावंसं वाटलं नाही.

“एवढंच सांगायचं व्हतं बघ,” मोबाइलमधून आप्पाराव म्हणाला. “ठिवतो मग.”

“ठिवा,” वच्छलाबाई म्हणाल्या.